सहावा नंबर मिलिंदचा

मिलिंद गेल्याचा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी तो आधी खराच धरला नाही. कोणीतरी जुना फॉरवर्ड चुकून टाकला असेल, नावात गल्लत झाली असेल, असंच वाटलं. संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट शोधायची, आणि सापडली नाही तर आपण नीट शोधलं नाही असं समजायचं. पंधरा वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच वागू लागतो... मी दोघांना फोन केले. दुसऱ्याने रडत सांगितलं, की सकाळी कामाला निघताना गाडीच्या दारापाशीच कोसळला, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. वय एक्कावन्न.

मिलिंद मूळचा नागपूरचा. टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहायचा. आमची पहिली भेट एका मित्राच्या बार्बेक्यूला झाली. मी पुण्याचा, त्यामुळे नावानंतर लगेच आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. मी ‘अच्छा’ म्हणालो. त्या ‘अच्छा’त काय होतं ते त्याला बरोबर कळलं. क्षणभर माझ्याकडे बघून त्याने विचारलं, “फुटबॉल बघतो का रे? आमच्या लीगमध्ये एक माणूस कमी आहे.” तेव्हापासून मी त्या लीगमध्ये आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकन फुटबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधी आम्ही बारा मित्र मिलिंदच्या घरी जमायचो आणि खऱ्या खेळाडूंमधून आपापली कागदी टीम निवडायचो, याला ड्राफ्ट म्हणतात. आपला खेळाडू मैदानात चमकला की आपल्याला पॉइंट. दर आठवड्याला आपल्यातले कोण खेळवायचे ते ठरवून टीम लावायची, आणि दोघादोघांच्या टीमची टक्कर. निवडायचं पाळीपाळीने. एक ते बारा, मग उलटं बारा ते एक. पहिला नंबर मिळाला तर देशातला सर्वांत भारी खेळाडू तुमचा. बारावा मिळाला तर दोन चांगले खेळाडू लागोपाठ तुमचे. मधल्याला मात्र धड हे नाही, धड ते नाही. पहिले पाच स्टार डोळ्यांदेखत जातात, आणि तुम्ही मनात धरलेला सहावाही बहुतेक वेळा पाचव्याने उचललेला असतो. त्यामुळे मधला नंबर कोणालाच नको असायचा.

आणि दर वर्षी मिलिंदचा नंबर सहावा असायचा.

पहिली दोन वर्षं मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या वर्षी खटकलं. नंबर काढायचं काम त्याच्याकडेच. तो आपल्या लॅपटॉपवर बटण दाबायचा आणि यादी ग्रुपवर टाकायचा. बारा जणांत एकाच माणसाला सतत सहावा नंबर येतोच कसा? बरं, त्या सहाव्यावर बसून तो खेळायचाही असा, की कोणालाही शंका यावी. सगळे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, मागे धावू लागले की हा शांतपणे दोन्हीकडच्यांच्या टीम बघत बसायचा. सातव्याला काय हवंय, पाचव्याकडे काय कमी आहे, सगळं कागदावर लिहिलेलं. मग घाईत सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला एखादा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, उचलायचा आणि म्हणायचा, “हा अजून उरला होता? कमाल आहे बाप्पा!” दोनदा तो लीग जिंकला. मधल्या नंबरात काहीतरी गोम आहे, ती याला एकट्याला कळली आहे आणि म्हणून हा यादीत हात घालतो, अशी माझी खात्रीच झाली.

मी ग्रुपवर लिहिलं, यंदा नंबर सगळ्यांसमोर काढा. मिलिंदने एका शब्दात उत्तर दिलं, “काढू.”

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांच्या देखत नंबर निघाले. मिलिंदला पहिला आला! सहावा आला अमोलला. अमोल त्याच्याच ऑफिसातला, आमच्यात वयाने सर्वांत लहान. मला हायसं वाटलं, आणि थोडी लाजही. पण दुसऱ्या दिवशी लीगच्या ॲपवर पक्की यादी लागली तेव्हा पहिल्या नंबरावर अमोल होता आणि सहाव्यावर मिलिंद.

आता तर माझ्या डोक्यात तिडीकच गेली. लॉटरी लागल्यासारखा पहिला नंबर आणि तो कोणी फुकट देतो? दोघांचं साटंलोटं असणार, पुढे खेळाडूंची देवाणघेवाण करून बाकीच्यांना गंडवणार. मी ग्रुपवर लिहिलं, “हे सरळसरळ फिक्सिंग आहे.” अमोल गप्प. मिलिंदने लिहिलं, “दोघांच्या मर्जीने बदलला.” मी तडक फोन लावला.

“मिलिंद, खरं सांग. का दिलास?”

“मला मधला आवडतो.”

“का आवडतो?”

“सांगितलं तर पटेल तुला?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग काहून विचारतो?” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. फोन त्यानेच ठेवला.

पुढची दोन वर्षं आम्ही फक्त खेळापुरतं बोललो. लीगची वर्गणी आणि ट्रॉफी आमच्यातल्याच एका मित्राकडे असायची, माझ्यासारखाच पुण्याचा. त्याच्याकडे मी एकदाही हिशेब मागितला नव्हता. हे मला तेव्हा सुचलंच नाही, असं म्हणायला आवडलं असतं. पण सुचलं होतं. मी तो विचार बाजूला सारला होता.

फ्यूनरल होमच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली. बाहेर पार्किंगमध्ये अमोल माझ्याजवळ येऊन उभा राहिला. “त्या वर्षी माझा जॉब गेला होता,” तो म्हणाला. “व्हिसाची मुदत संपत आली होती. घरी बायको प्रेग्नंट. ग्रुपमध्ये कोणालाच सांगितलं नव्हतं. ड्राफ्टलाही येणार नव्हतो. मिलिंददादा म्हणाले, पहिला नंबर घे आणि ये, चार तास दुसरं काही डोक्यात आणू नको. तुम्ही फिक्सिंग म्हणालात तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं... तेच म्हणाले, गप्प राहा.”

मी तरी आणखी तिघांना विचारलं. सवय! एकाचा घटस्फोट चालू होता, एकाच्या वडिलांचं डायलिसिस. तिसऱ्याने नुसतं “हो, मलाही दिला होता” एवढंच सांगितलं. प्रत्येकाला वाटत होतं, अदलाबदल फक्त आपल्याशीच झाली.

तीन आठवड्यांनी ग्रुपने मला मिलिंदच्या घरी पाठवलं. सीझन अर्ध्यावर होता, लीगचं काम कोणीतरी हातात घ्यायला हवं होतं आणि मी सगळ्यांत जवळ राहत होतो. त्याच्या बायकोने, वंदनावहिनींनी, मला त्याच्या खोलीत नेलं. खिडकीपाशी टेबल, त्यावर लॅपटॉप. मी म्हणालो, “वहिनी, त्याला मधला नंबर खरंच आवडायचा का?”

“छे!” त्या म्हणाल्या. “त्यांनाही पहिलाच हवा असायचा. काय चिडायचे सहाव्यावर बसून. आवडतो म्हणून खोटं सांगायचे.”

म्हणजे तो खोटं बोलतोय, हा माझा संशय खरा होता.

“तुमच्या आई गेल्या, आणि तुम्हाला जाता आलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “त्या वर्षी तुमचा सहावा आला होता, त्यांचा पहिला. यादी ग्रुपवर टाकायच्या आधीच त्यांनी बदलली.”

त्या वर्षी मी पहिल्या नंबरावर होतो. घरी येऊन बायकोला म्हणालो होतो, चला, नशिबाने एक तरी दान बरं टाकलं.

मी विचारलं, “मी त्याला फिक्सिंग म्हणालो... वाईट वाटलं होतं का त्याला?”

“हो,” वहिनी म्हणाल्या. समजूत घातली नाही.

त्यांनी लॅपटॉप उघडून माझ्यासमोर सरकवला. “रविवारची टीम लावायची राहिलीय. दर गुरुवारी जेवण झालं की इथे बसून लावायचे. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही लावा.”

मी त्याच्या खुर्चीत बसलो. त्या रविवारी मिलिंदच्या टीमसमोर माझीच टीम होती. वहिनींना ते स्क्रीनवर दिसलं. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“नीट लावताय ना?” त्यांनी विचारलं.

मी एकेका खेळाडूचं नाव, आणि त्याला का खेळवायचं ते, त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागलो.