गार्डवाले आणि जेलवाले

बाबा सत्तरीचे झाले, तरी जानेफळचं नाव काढलं की विषय बदलायचे. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं ते त्यांचं जन्मगाव. ते चौथीत असताना घरच्यांनी गाव सोडलं आणि पुणं गाठलं. या डिसेंबरात मी त्यांना न विचारताच दोन तिकिटं काढली. "शेगावला दर्शन तरी होईल," एवढंच म्हणाले आणि बॅग भरायला लागले.

शेगावात राहायची अडचण येत नाही, देवळाजवळ साधे, परवडणारे लॉज आहेत. दर्शन मात्र पहाटेच उरका. दुसऱ्या दिवशी कचोरी खाऊन खामगावची एसटी धरली, तिथून मेहकरची. जानेफळ वाटेतच लागतं. शेतांत तूर शेंगांनी वाकलेली, हरभरा गुडघ्याखाली. बाबा खिडकीला टेकून शेतं बघत होते.

स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेताना मालकानं विचारलं, "पाव्हने, कोनाचे व्हय तुम्ही?"

बाबांनी आडनाव सांगितलं. त्या आडनावानं तर अर्धं गाव भरलेलं. वडिलांचं नाव सांगितलं, तरी कुणाला उमगेना. शेवटी कपाकडे बघत बाबा म्हणाले, "गार्डवाले."

"मंग तसं सांगा ना! चला, तुमच्या भाऊबंदाच्या, जेलवाल्याईच्या घरी नेतो तुमाले."

बाबांचा चेहरा उतरला. माझे पणजोबा, म्हणजे बाबांचे आजोबा, इंग्रजांच्या जंगलखात्यात गार्ड होते, एवढं मला माहीत होतं. शाळेत पोरं बाबांना 'इंग्रजाचा' म्हणून चिडवायची आणि पणजोबांनी जंगल सत्याग्रहात ज्यांना पकडून दिलं तेच हे जेलवाले, हे त्यांनी मला तिकडे चालत जाताना सांगितलं.

दारात नव्वदीच्या शांताआजी उन्हाला बसल्या होत्या, त्या सत्याग्रहीच्या सूनबाई. बाबांनी वाकून नमस्कार केला आणि उभेच राहिले. "माझ्या आजोबांनी तुमच्या सासऱ्यांना..."

"आधी बस बाप्पा," आजी म्हणाल्या. "मामंजी मले सोता सांगत. सरकारी जंगलातलं गवत तं ते आधीबी कापत. बैलाले काय खाऊ घालतीन? तुह्या आजानं धरलं का चोर म्हनून मार खात. देशाचं काही ठाऊक नव्हतं त्याईले. मंग सत्याग्रह आला अन् तेच गवत त्याईनं समद्याईसमोर कापलं. सायबानं जेलात टाकलं. जातानी चोर होते, येतानी टोपी घालून देशाचे झाले."

"आणि माझे आजोबा?"

"तो आमच्या भाऊबंदातलाच. एका ताटात जेवत दोघं. अंगावर खाकी आली अन् तो सायबाचा झाला. सायेब गेला, नावं काही गेली नाहीत."

बाबा म्हणाले, "पण मारलं तर त्यांनीच."

"हाव, मारलं. ते मी काऊन नाही म्हनू?"

मग त्यांच्या सुनेनं ताटं मांडली. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, ठेचा. निघताना आजींनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

परतीला चिखलीवरून बुलढाणा. इथे रेल्वे नाही, गाडीसाठी घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. पठारावरची थंड हवा इंग्रजांना मानवली म्हणून जिल्ह्याच्या कचेऱ्या इथे आल्या, असं सांगतात. कोर्टासमोर चहा घेताना बाबा म्हणाले, "आजोबांनी नोकरी केली, एवढंच मी जन्मभर म्हणत आलो. बैल कुणाचे उपाशी होते, ते कधी विचारलं नाही."

पणजोबांनी खाकी घातली नसती तर घरात चूल पेटली असती का, हेही मला ठाऊक नव्हतं. दोन भाऊबंदांना दोन नावं देऊन एक राज्य निघून गेलं आणि आम्ही तीच नावं सांगून घर शोधत होतो.

घरी आल्यावर माझ्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग बाबांना विचारलं, "आबा, पण आपल्या माणसानं त्यांना पकडून दिलं होतं ना? मग तुम्ही त्यांच्याकडे जेवलात कसे?"

"वाढलं त्यांनी," बाबा म्हणाले.