"भाऊ आहे ना तुम्हाला?"

नलिनीच्या मदतीला येणाऱ्या कल्पनाचा फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडवर भाजी घेत होते. "मावशी, ताई गेल्या," एवढंच ती बोलली. नलिनीला न्यूमोनियाने आठवडाभरात नेलं. त्याला आता दीड महिना होईल. अजूनही पेपरात एखाद्या उद्घाटनाची बातमी वाचली की हात फोनकडे जातो. अशा बातम्यांना हसायला मला दुसरं कुणी नाही.

आमची मैत्री कॉलेजपासूनची. लहानपणीच्या पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते; जीभ मात्र शाबूत, नको तितकी. एका समारंभात तिला चाकाची खुर्ची भेट मिळणार होती. व्यासपीठाला पायऱ्या, म्हणून चौघांनी तिला तिच्या जुन्या खुर्चीसकट उचलून वर नेलं. पाहुणे सहानुभूतीवर भरपूर बोलले, नव्या खुर्चीला हार घातला गेला, फोटो निघाले. घरी आणल्यावर कळलं, खुर्ची लहान मुलाच्या मापाची आहे. "सत्कार खुर्चीचा होता गं," नलिनी म्हणाली, "मी आपली साक्षीदार."

आईवडील गेल्यावर तिचा भाऊ सुधीर तिला आपल्या घरी घेऊन गेला. माणूस मायाळू, वहिनीही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या की नलिनीची खुर्ची आतल्या खोलीत जाई. जा असं कुणी म्हणत नसे. "तुम्हाला गर्दीचा त्रास नको" असं म्हणत. शेवटी तिने तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली आणि स्वतःचं हळदीकुंकू सुरू केलं. लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा गेलेल्या, शेजारच्या शबानाभाभी, सगळ्यांना बोलावणं. पहिल्या वर्षी निम्म्या बायका तिच्यासाठीच ब्लँकेटं नि जुन्या साड्या घेऊन आल्या! अपंग बाईकडे जायचं म्हणजे काहीतरी द्यायचं, एवढंच त्यांना माहीत. "ए, आज देणारी मी आहे," नलिनी म्हणाली. "पदर पुढे करा बघू."

शिकवण्यांवर खोलीचं भाडं निघे. अपंगांसाठीचं सरकारी अर्थसहाय्य कल्पनाच्या पगारात जाई. कल्पना सकाळी येऊन तिला पलंगावरून खुर्चीत बसवायची. ते पैसे थोडेच होते. पण ते नाहीत तर कल्पना नाही, आणि कल्पना नाही तर नलिनी पुन्हा सुधीरच्या आतल्या खोलीत. म्हणूनच अर्थसहाय्य ठरवताना भावाबहिणींची कमाईही धरायची, असा प्रस्ताव चर्चेत आल्यावर ती हादरली. इतक्या वर्षांत तिला घाबरलेली मी प्रथमच पाहिली.

हरकती ऐकण्यासाठी बैठक होती. मी सोबत गेले. बैठक घेणारे साहेब सज्जन होते. "भाऊ आहे ना तुम्हाला?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

"आहे की. तुम्हाला?"

"आहेत, दोन."

"मग तुमचा पगार बंद करायला हरकत नसावी."

सगळे हसले, साहेबही हसले. नलिनी तेवढी हसली नाही. परतताना रिक्षात म्हणाली, "सुधीर मला उपाशी ठेवणार नाही गं. पण त्याच्या घरात मी कुणाला ये म्हणू?"

प्रस्तावावर अजून विचार चालू आहे म्हणे. नलिनीपुरता प्रश्न सुटला, असं एका नातेवाइकाने मला समाधानाने सांगितलं...

गेल्या रविवारी सुधीर, कल्पना आणि मी खोली रिकामी करायला गेलो. त्या दाराला बेल आहे. बेल वाजवायची आणि आतून "ये" ऐकू येईपर्यंत थांबायचं, ही नलिनीची सक्ती होती. त्याआधी जन्मभर तिच्या खोलीत कुणी विचारून आलं नव्हतं. सुधीर यावरून चिडायचा. "सख्ख्या भावाने बेल वाजवायची?" म्हणायचा.

किल्ली त्याच्याच हातात होती. त्याने ती कुलपाला लावली नाही. बेल दाबली, आणि आम्ही तिघं थांबलो.