केलगेरीचं आंबट रीसलिंग

मंडळी, आज सकाळी आमचे थोरले अण्णा करवत घेऊनच केलगेरी गावातल्या माझ्या द्राक्षबागेत आले. माझं रीसलिंग, म्हणजे थंड मुलखातलं वाईनचं द्राक्ष, कापून त्यावर खायच्या द्राक्षाची कलमं बांधायची होती त्यांना.

“पश्चिमेची पानंसुद्धा काढली नाहीस. आळशाची बाग ही.”

दुपारचं ऊन घडांवर पडू नये म्हणून ती पानं मी मुद्दाम राखलीत. मी त्यांना एक मणी दिला.

“आंबट आहे की रे.”

“पिकून मण्यात साखर भरलीय, तरी आंबट आहे, अण्णा. वाईनला हेच लागतं. आपल्या उन्हात हा आंबटपणा टिकणार नाही, असंच सगळे सांगत होते.”

अण्णांना पटलेलं नाही. पण एकही वेल मी कापू दिला नाही, देणारही नाही. गोड लागलं नाही म्हणून तुम्ही काय तोडून टाकलंत, खरं सांगा.