वानखेडेचं पुस्तक, बोरकरची मान
आमी रिटायर लोक दर रविवारी सेक्टर 10 मध्ये माझ्या घरी जमतो अन् मोबाईलवर मिळून एकच पुस्तक वाचतो. किस्से तर असे साचले, की पुस्तकं मागे पडली!

यंदा पुस्तक होतं आमच्यातल्याच वानखेडेचं आत्मचरित्र. तो पोराकडे पुण्याला कायमचा चालला होता. "जायच्या आधी बोरकरनं तरी पुरं वाचावं," एवढीच त्याची इच्छा. स्टील प्लांटमध्ये दोघांनी एकाच भट्टीवर जन्म काढलेला न!

पहिले त्यानं पीडीएफ पाठवली. पान मोठ्या कागदाचं, स्क्रीन तळहाताएवढी! अक्षर मोठं केलं की अर्धी ओळ बाहेर. आमी बोटानं पान सरकवत होतो, बोरकर मान सरकवत होता. आठवडाभरात गळ्यात पट्टा!

सुपेल्याच्या डॉक्टरनं विचारलं, "ॲक्सिडेंट?"

"नाही जी, पीडीएफ."

मग रेल्वेतून रिटायर झालेल्या मेश्रामताईंनी त्याची ईपब फाइल करून दिली. ओळी आपोआप स्क्रीनमध्ये बसल्या. आमी खुश! पण आमची रीत अशी, की पान नंबर बोलून आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं. ज्याचं अक्षर मोठं त्याची पानं जास्त, हे कोणाले ठाऊक? माझ्या बाराव्या पानावर वानखेडे मॅट्रिकले नापास झाला. बोरकरच्या तेराव्यावर तो अजून जन्मलाच नव्हता!

वानखेडे उखडला, "अबे, मले पैदा तर होऊ द्या!"

बोरकरनं प्लांटची सवय काढली. "सेफ्टी फर्स्ट! ज्याची नजर सगळ्यात कमजोर, त्याचंच अक्षर सगळ्यांले." नजर त्याचीच कमजोर. पानावर दोन शब्द मावायचे. मी वाचायचो "त्या दिवशी", ताई "माझी सायकल", बोरकर "हलली नाही". चहा येईपर्यंत एक वाक्य! जायचा दिवस आला, तरी पुस्तकातला वानखेडे सायकलच शिकून राहिला होता.

दुर्ग स्टेशनवर गाडी लागली. वानखेडेचा चेहरा एवढासा. "बोरकर, वाचलं का बे पुरं?"

बोरकरनं मोबाईल काढला अन् सरळ शेवटच्या पानावर उडी मारली. पानभर एकच शब्द: "बोरकर."

"अबे, शेवटी माझंच नाव!" पट्ट्यासकट तो वानखेडेच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

मी हळूच माझ्या मोबाईलवर तेच शेवटचं पान काढून अक्षर बारीक केलं. अख्खं वाक्य दिसलं: "हे पुस्तक कधीच पुरं वाचणार नाही, असा माझा जिवाभावाचा दोस्त म्हणजे बोरकर."

वानखेडेनं माझ्याकडे पाहिलं. त्याचेही डोळे भरलेले. "बोरकर, आता मागची पानं नको वाचू बे."

"कावून वाचू?" बोरकर नाक पुसत म्हणाला. "झालं न पुरं!"