सूर्याला शिवलेली खोळ

मागच्या हिवाळ्यात आपल्या मुरुडच्या घरी सूर्य कामावर येत नव्हता.

बाळांनो, आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तुम्हाला ठाऊक आहेच. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज कोमट पाण्यात चाला, नाहीतर गुडघा असाच आखडून राहील." घराला लागून असलेल्या आपल्या लॉजमागे तुमच्यासाठी बांधलेला पोहण्याचा तलाव होताच. तुमच्या बाबाने तिकडून फोनाफोनी करून त्याला सोलर बसवून दिलं.

त्याचं काम अगदी सोपं. (मी पुस्तिका इंग्रजीतून अथपासून इतिपर्यंत वाचली होती!) पंप तलावातलं पाणी गाळून गच्चीवर चढवतो. तिथे काळ्या चटया असतात, त्यांत बारीक नळ्या. काळा रंग ऊन पितो, पाणी नळ्यांतून फिरताना कोमट होतं आणि परत तलावात येतं. गच्ची तलावापेक्षा तापली आहे का, हे एक सेन्सर बघत असतो. तापली नसेल तर तो पाणी वर सोडतच नाही, खालच्या खाली फिरवतो.

पहिल्याच दिवशी आजोबा पाण्यात उतरले आणि किंचाळले, "अगं, मला चालवायचंय की गोठवायचंय?"

"अहो, सुरुवातीला वेळ लागतो," मी पुस्तिका मिटत म्हटलं.

आठवडा गेला, तरी पाणी तसंच. आजोबांनी तलावाकडे पाठ फिरवली. गुडघा आखडत चालला, घराचा उंबरठा ओलांडायलाही माझा हात लागू लागला. मला रात्री झोप येईना. मग शेजारची झुबेदा त्यांना कसंबसं तलावात उतरवून बंबातलं कढत पाणी हंड्यांनी आणून त्यांच्या पायांशी ओतू लागली. "भाऊजी, लवकर चाला, थंड होतंय!" ती ओरडायची. आजोबा हंड्यामागे पळायला बघायचे (पळता येत असतं तर ऑपरेशन कशाला!).

शेवटी मी सोलरवाल्याला फोनवर फैलावर घेतलं.

"आजी, चटयांवर सावली तर पडत नाही ना?"

"छे! झाडाचं पानसुद्धा पडू देत नाही मी!"

"आणि रात्री तलावावर ती बुडबुड्यांची शीट पसरता ना? नाहीतर सगळी ऊब उडून जाते."

"ती? इतकी छान शीट! घडी करून कपाटात ठेवलीय. डांबरगोळ्या घालून."

"आजी, ती आधी तलावावर पसरा!" म्हणत त्याने फोन ठेवला.

आजोबांचा मात्र पारा चढला. "मीच बघतो वर जाऊन!" म्हणत ते कठडा धरून जिना चढू लागले. झुबेदा हातात हंडा घेऊन तशीच उभी. मी मागून "अहो, अहो" करत राहिले.

वरून आवाज आला, "अगं, लॉजचे जुने पडदे इथे काय करतायत?"

"पडदे नाहीत, खोळी आहेत," मी म्हटलं. "चटयांच्या मापाच्या शिवल्यात, नाडीसकट! खारा वारा, कावळे... नवी वस्तू खराब नाही का होणार?"

"उन्हात तापायला ठेवलेल्या वस्तूला तू उन्हापासून वाचवलंस?"

झुबेदा पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. "भाभी, फ्रिजला शिवलीस, मिक्सरला शिवलीस, आता सूर्याला पण!"

मग वरून जरा वेगळ्याच आवाजात विचारणा झाली, "अगं... मी वर आलो कसा?"

आम्ही दोघींनी माना वर केल्या. कोणाचाही हात न धरता ते गच्चीवर उभे होते, फुलाफुलांचा पडदा हातात घेऊन. मी देवाला हात जोडले, झुबेदाने अल्लाचे आभार मानले. (उतरायला मात्र आम्हा दोघींचे खांदे लागले!)

खोळी निघाल्या, शीट तलावावर गेली आणि दोन-चार दिवसांत पाणी कोमट झालं. आता आजोबा रोज चालतात, आणि रोज मी मनोमन आभार मानते: तुमच्या बाबाचे, झुबेदाच्या बंबाचे आणि आजोबांच्या रागाचेही.

तेव्हा सुट्टीत नक्की या. तुमच्यासाठी चार मऊ टॉवेल आणून ठेवलेत. फक्त अंग पुसायला जुनेच घ्या हं, नवे खराब होतील!