आईपुढे धरलेला चहा

लग्नाच्या जेवणात डोरीन मा गायची तेव्हा लोक जेवतच असायचे. सूप संपून कोंबडी येईपर्यंतच्या वेळात तिची दोन गाणी व्हायची. वाढपी तिच्या पुढूनच थाळे घेऊन जायचे, नवरदेवाला कुणी दारूचा आग्रह करत असायचं, आणि एखादी म्हातारी शेजारणीला विचारायची, "ही तीच का गं, हाँगकाँगला गेलेली?"

"तीच. आता बघ किती सुटलीय."

डोरीनला सगळं ऐकू यायचं. ती हसून पुढची ओळ उचलायची. दिवसा ती दातांच्या एका डॉक्टरकडे फोन घ्यायची, तिथेही कुणीतरी आवाज ओळखायचं. मग तीच थट्टा, की बाई, भेटीची वेळ गाऊन सांगा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये तिचा जन्म झाला. बाप खानावळीत आचारी, तो लवकर वारला. आई शिवणाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. शाळा सुटली की डोरीन आईच्या मशीनखाली बसून दोरे कापायची आणि हाँगकाँगच्या कॅसेटमधली गाणी म्हणायची. बायका म्हणायच्या, "मा बाई, पोरगी आम्हाला देऊन टाका, रेडिओचा खर्च वाचेल."

"रेडिओ निदान बंद तरी करता येतो," आई मान वर न करता म्हणायची. पण मशीन हळू चालवायची. पोरीचा आवाज ऐकू यावा म्हणून, हे सगळ्यांना कळायचं.

एकविसाव्या वर्षी एका स्पर्धेत पहिली येऊन डोरीन हाँगकाँगला गेली. रेकॉर्ड कंपनीच्या लो साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शिवणवाल्या बाईच्या पोरी इथे गल्लीगल्लीत आहेत. तू अमेरिकेची, तर घरही अमेरिकेला शोभेल असं पाहिजे." वर्तमानपत्रांत छापून आलं की डोरीनचे वडील डॉक्टर होते आणि आई पियानो शिकवते. डोरीनने वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. त्याच वर्षी तिचं एक गाणं असं चाललं, की टॅक्सीवाले ते गुणगुणायचे.

दोन वर्षांनी आई तिला भेटायला आली. पत्रात तारीख कळवली होती, पण विमानतळावरून ती घरी न जाता थेट हॉटेलात आली. तिथे कंपनीने वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं होतं. काळी विजार, करडा सदरा, मागे घट्ट अंबाडा, हातात कापडी पिशवी. पिशवीत स्वतः शिवलेलं लाल जाकीट होतं. हे डोरीनला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका बातमीदाराने आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही तुमच्या घरची आमा वाटतं?"

बड्या घरची पोरं सांभाळणाऱ्या बाईला तिथे आमा म्हणायचे, आणि काळी विजार हा तिचा ठरलेला वेश. लो साहेबांनी डोरीनकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं.

"हो," डोरीन म्हणाली.

आईने तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग वाकून खुर्चीवरची डोरीनची पर्स उचलली आणि बातमीदाराला सांगितलं, "अगदी तान्ही होती तेव्हापासून मीच बघते हिचं." फोटो संपेपर्यंत ती दोन पावलं मागे पर्स धरून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी परत गेली.  कापडी पिशवी जशी आणली होती तशीच घेऊन गेली.

पुढे डोरीनची गाणी चालेनात. तिच्या बोलण्याच्या ढबीवर लोक हसू लागले, तिच्याहून लहान मुली आल्या, आणि तीन वर्षांनी लो साहेब फोनवर यायचे बंद झाले. ती घरी आली.

त्यांच्यात चुकलेल्या पोराने आईबापापुढे गुडघे टेकून दोन्ही हातांनी चहा धरायचा. मोठ्यांनी घोट घेतला की झालं, त्या गोष्टीचं नाव पुन्हा काढायचं नाही. नववर्षाच्या सकाळी पूर्वजांपुढे उदबत्ती लावून झाल्यावर डोरीनने आईपुढे पेला धरला.

आई संत्रं सोलत होती. "ठेव तिथे," ती म्हणाली. "आमाला कुणी चहा देतं होय?"

पेला गार झाला. पुढच्या वर्षीही झाला. आई तिला सूप करून घालायची, खोकला झाला की औषधाचा काढा उकळायची, तिच्या लठ्ठपणावर बोलायची. फक्त तो चहा घ्यायची नाही. अशी चोवीस वर्षं गेली. डोरीन तीन जिने चढून तिन हाऊ देवीच्या देवळात जायची आणि दुसरं काहीच मागायची नाही.

"ताई, सोडून दे आता," धाकटा भाऊ गिल्बर्ट म्हणायचा. "म्हातारी हट्टी आहे."

"तू तिच्या जागी असतास तर घेतला असतास?"

"मला नको विचारू. मला दोघींकडे जेवायचं असतं."

आईला ऐंशीवं लागलं तेव्हा मा आडनावाच्या मंडळींच्या संघाने दुपारचं जेवण ठेवलं. बारा टेबलं भरली. डोरीन गायली. मग गिल्बर्ट, सून, नातवंडं एकेक करून चहा द्यायला गुडघ्यावर बसली. डोरीनची पाळी आली तशी सगळे माना वळवून बघू लागले. सगळ्यांना ठाऊक होतं.

आईने दोन्ही हातांनी पेला घेतला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, आणि उपडा करून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला सुटलेली म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनीही डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीन गरम पेज घेऊन आईकडे गेली. कितीतरी वर्षांत तिला असं हलकं वाटलं नव्हतं.

"आई, काल चहा घेतलास."

"घेतला."

"म्हणजे झालं ना सगळं?"

आईने चमचा खाली ठेवला. "बारा टेबलं बघत होती, डोरीन. तुझं हसं होऊ नये म्हणून घेतला. तिकडे पर्सही त्याचसाठी उचलली होती."

 डोरीनने उठून किटलीला हात घातला. "आत्ता कुणी बघत नाहीये. आत्ता करते."

"राहू दे," आई म्हणाली. "तहान गेली आता." आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणाली.

त्याच हिवाळ्यात, नववर्षाला नऊ दिवस राहिले असताना, आई झोपेतच गेली.

खोली आवरताना ट्रंकेच्या तळाशी कापडी पिशवी सापडली. लाल जाकीट, आत रेशमी अस्तर, कॉलर आईच्या हातची. तेवीस वर्षांच्या बारीक मुलीच्या मापाचं. डोरीनने एक हात घातला, दुसरा गेला नाही.

वसंतात थडगी झाडायच्या दिवशी दोघं भावंडं डोंगरावरच्या दफनभूमीत गेली. गिल्बर्टने आईला पोचावेत म्हणून कागदी कपडे जाळले. जाकीटही टाकू का म्हणाला, तर डोरीनने ते खांद्यावरून काढलं नाही. तिने तीन पेले मांडले, गुडघे टेकले, दोन्ही हातांनी एकेक उचलून थडग्यापुढे ओतला. जमीन कोरडी होती. चहा लगेच जिरला.

"घेतला बघ, ताई," गिल्बर्ट म्हणाला.

"मातीने घेतला," डोरीन म्हणाली, आणि पेले पुसून पिशवीत भरायला लागली.