जंतांची आई

अंगणवाडीत आज मुलांना जंताची गोळी होती. माझी नात मनू गोळी तळहातावर धरून ओठ घट्ट मिटून बसली होती.

तिचा बाबा एवढाच असताना झोपेत करकरा दात खायचा आणि भरपूर जेवूनही वाळतच चालला होता. मी मोठी शहाणी! शेजारणीची दृष्ट लागली म्हणून रोज मीठ-मोहरी ओवाळायची. चुलीत मोहरी तडतडली की मला वाटायचं, उतरली. आत जंत पोटभर जेवत होते आणि मी बाहेर त्या बिचारीशी अबोला धरून. लेकराच्या काळजीनं आपण किती लांब शोधत फिरतो, आणि दुखणं असतं त्याच्याच इवल्याशा पोटात.

"मने, चावून खा गं," अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या.

"जंत मेले तर त्यांची आई रडेल," मनू पुटपुटली.

मी तिच्या काटकुळ्या दंडावरून हात फिरवला. "आणि तू अशी वाळत गेलीस तर तुझी आई रडेल, त्याचं काय गं?"

तिनं खूप विचार केला. मग गोळी कचाकचा चावली, फ्रॉक वर केला आणि पोटाला हळूच म्हणाली, "रडू नका हं. मला मोठं व्हायचंय."